पेन्सिलीतली अकरा नावं

जूनचा दुसरा आठवडा आला की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांच्या पोटात येतो तसाच. फरक एवढाच की मी सत्तावीस वर्षांची आहे आणि आमच्या पाड्यावरच्या शाळेत चौथीनंतर शिकायला म्हणून कधी गेलेली नाही. भांडायला गेले आहे. पुष्कळदा.

मी पत्रकं लिहिते. सहा वर्षं झाली. आमची संघटना म्हणजे सात-आठ जण, एक उसनं कपाट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. भिवंडीच्या आसपासच्या गावांतल्या सरकारी शाळांच्या आम्ही मागे लागतो. छप्पर गळतंय, लिही पत्रक. मुलींच्या संडासाला कडी नाही, लिही पत्रक. कडीचं पत्रक हे माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं काम. मथळा होता, 'साहेब, तुमच्या घरच्या संडासाला कडी आहे का?' आठवड्याच्या आत कडी बसली. एक नाही, दोन बसल्या. आतून एक आणि बाहेरून एक. बाहेरच्या कडीने पोरी एकमेकींना कोंडायला लागल्या, म्हणून ती काढून घ्यायला मी पुन्हा महिनाभर खेटे घातले. असं आमचं यश असतं. तरी ते मी अभिमानाने सांगते.

छपाई धामणकर नाक्याला. शेअर रिक्षांच्या रांगेमागे एका गाळ्यात चाचांचं मशीन आहे. दोन्ही बाजूंना कापडाचे लूम चालू, त्यामुळे चाचा कायम ओरडूनच बोलतात. मी दिसले की मशीनवरून आरोळी येते, "आओ मॅडम! आज किसकी नींद हराम करनी है?" रांगेतले रिक्षावाले हसायचे. मला तो प्रश्न फार आवडायचा. आपल्याला कोणीतरी घाबरतं, ही भावना वाईट चटक लावणारी आहे.

आणि आमची एक शिस्त होती. ज्या थोरल्या कार्यकर्त्याकडे मी काम शिकले, त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आधी छाप, मग विचार. आधी विचारायला गेलीस तर ते सावध होतात, कागद बदलतात आणि तुला चहा पाजतात. चहा प्यायलीस की पत्रक मेलं." सहा वर्षांत मी कुठल्याही शाळेत चहा प्यायले नाही. लोक देवाधर्माचं व्रत पाळतात तसं मी ते पाळलं.

आता शाळा सुरू होते म्हणजे काय होतं, ते आधी सांगते. बाहेरच्यांना वाटतं घंटा वाजली, शाळा सुरू. घंटेच्या कितीतरी आधी बाई-गुरुजी उन्हातून दारोदार फिरून यादी करतात, कुठल्या घरात सहा वर्षांचं पोर आहे. मग पहिला दिवस. फुगे लावतात, पोरांना गुलाब देतात, पहिलीत आलेल्याचा पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसा घेतात. फोटो निघतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते सगळं कागदांचं. जन्माचा दाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला. आधारवर 'शितल' आणि दाखल्यावर 'शीतल' असेल तर संगणक पोर घेत नाही. पोर वर्गात बसलेलं, खिचडी खातंय, पाढे म्हणतंय, आणि संगणकाच्या मते ते जन्मलेलंच नाही.

शाळा सोडून गेलेल्या पोराचं नाव ऑनलाइन 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकतात. एक टोपली समजा. टोपलीत टाकायला एक बटण. बाहेर काढायला नवी शाळा, जुनी शाळा, दाखला, अर्ज आणि धावपळ करायला रिकामा असलेला बाप. गोदामात बारा तास उभं राहणाऱ्यांकडे यातलं शेवटचं नसतं.

आणि या सगळ्याच्या वर एक आकडा असतो, पट. पट म्हणजे हजेरीवरची पोरं. पटावर शिक्षक मिळतात, पटावर खोल्या मिळतात, पटावर शाळा जगते. गेल्या वर्षी आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी वीस हा आकडा होता. वीसच्या खाली गेलात की शाळा बंद, पोरं शेजारच्या शाळेत.

आमच्या पाड्यावरची शाळा काल्हेरच्या पुढे गोदामांच्या पाठीमागे आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पहिली ते चौथी. मी होते तेव्हा आम्हा आगरी पोरांनीच ती भरलेली असायची. पुढे जमिनींवर गोदामं आली, भाडं आलं, आणि गावची पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली. आता पाड्यावरच्या शाळेत येतात ती गोदामात माल चढवणाऱ्यांची, लेबलं चिकटवणाऱ्यांची पोरं. नांदेडकडची, परभणीकडची, थोडी पार उत्तरेतली.

शिकवायला एकट्या कर्णिकबाई. दुसरी जागा रिकामी. बाई भिवंडीतल्या जुन्या कारकुनी घराण्यातल्या, आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. बोलणं तेवढ्यास तेवढं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, यादीतून सुटलेली घरं शोधायला मदत करायला म्हणून मी शाळेत गेले. बाई शेजारच्या खोलीत खिचडी वाढत होत्या. टेबलावर हजेरीपट उघडा होता. मी पाहिला. सत्तावीस नावं. त्यातली सोळा निळ्या शाईत. अकरा पेन्सिलीने, आणि प्रत्येकापुढे बारीक 'ग'. शेजारच्या खोलीत डोकावून डोकी मोजली. सोळा.

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. कार्यकर्त्यांना भ्रष्टाचार दिसला की जो होतो, तो.

बाई हात पुसत आल्या. "अश्विनी, चहा घेतेस?"

"नको बाई," मी म्हटलं आणि निघाले.

दोन दिवसांनी चाचांच्या मशीनमधून पाचशे पत्रकं बाहेर पडली. मथळा, 'भुतांची शाळा!' खाली लिहिलं होतं, सत्तावीसपैकी अकरा विद्यार्थी फक्त कागदावर आहेत. भुतं खिचडी खातात का? भुतांच्या वाटचा तांदूळ कोण खातं? चौकशी झालीच पाहिजे! नाक्यावर वाटली, रिक्षांत टाकली, ग्रुपवर फिरवली. दुपारपर्यंत ओळख नसलेल्या माणसांचे अंगठे यायला लागले. मी त्या दुपारी दोनदा जेवले, इतकी खूश होते.

आठवडा झाला नसेल, मी पाड्यावरच्या नळावर उभी होते. समोरून गयाबाई आली. गयाबाई नांदेडकडची, आमच्या शेजारच्या गोदामात खोक्यांना लेबलं लावते. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. एकच लेक, शीतल, दुसरीत. गयाबाईच्या हातात माझं पत्रक होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं.

"ताई, हे तुमीच काढलंय ना?"

"हो." मी अजून अभिमानातच.

"मंग शाळा बंद व्हनार म्हनत्यात ते खरंय का? साहेब लोक मोजाय येनार हायेत. पोरं कमी भरली की रस्त्यापल्याडच्या शाळंत घालनार." तिने हंडा खाली ठेवला. "माझी डूटी सातला. शीतलला रस्ता कोन पार करून देनार?"

तो रस्ता मी जन्मापासून पाहते आहे. दोन्ही कडांना ट्रक उभे, मधून कंटेनर, कंटेनरच्या मधून रिक्षा. दुभाजक नाही, सिग्नल नाही. ट्रकच्या चाकाची उंची मला छातीपर्यंत येते. शीतलच्या डोक्यावरून जाते. आणि लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगते, त्या रांगेतले निम्मे ट्रक आमच्या जमिनीवरच्या गोदामांत माल उतरवायला थांबलेले असतात.

मी सरळ शाळेत गेले. बाई खुर्चीत बसून होत्या, टेबलावर वरच्या कार्यालयाचा कागद. पुढच्या शनिवारी पटपडताळणी. म्हणजे साहेब येऊन समोर बसलेली पोरं मोजणार. सोबत जोडलं होतं माझं पत्रक.

"बाई, ती पेन्सिल," मी म्हटलं.

"आज विचारतेस?"

मी समोरच्या बाकावर बसले.

त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. "'ग' म्हणजे गावाला. मे महिन्यात लग्नकार्याला जातात, पेरणी उरकून येतात. कोणी जुलैत, कोणी पोळा करून. दाखला मागत नाहीत, कारण परत यायचंच असतं. मी नाव कापलं तर ते टोपलीत पडतं. मग आई येते पोराला घेऊन, मी म्हणते नाव नाही, दाखला आणा. कुठून आणणार? ते पोर बसतं घरी. अशी चार पोरं पहिल्या वर्षी माझ्या हातून घरी बसली. म्हणून पेन्सिल."

"आणि खिचडी?"

त्यांनी दुसरी वही काढली. आहाराची. रोजचा आकडा सोळा, सोळा, पंधरा, सोळा. पेन्सिलीतल्या एकाही पोराच्या नावावर तांदळाचा दाणा नाही. हजेरीतही त्यांच्यापुढे रोज गैरहजरीची खूण. सगळं खरंखुरं. ती वही त्या दिवशीही तिथेच होती. हजेरीपटाच्या खाली. मी वरचं उघडं पान पाहिलं आणि पळाले.

"मला विचारायचं होतंस," बाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून शनिवारपर्यंत मी ज्या भीतीत होते, तशी मला कुठल्याच साहेबाची वाटली नाही. पोलीस चौकीत बसवलं होतं तेव्हाही नाही. डोळ्यांपुढे सतत ती चाकं.

पहिलं काम म्हणून चाचांकडे गेले. नवं पत्रक, मथळा 'चूक माझी'. चाचांनी सवयीने विचारलं, "आज किसकी नींद?" मी कागद पुढे केला. चाचा मराठी वाचतात. वाचलं, मशीन बंद केलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले, "बेटा, पहिलेवाला पांच सौ था. ये कितना छापूं?"

दोन्ही पत्रकं मी स्वतः वाटली. पहिलं लोकांनी घरी नेलं होतं. दुसऱ्यात नाक्यावरच्या वडापाववाल्याने वडे बांधून दिले. वरच्या कार्यालयात लेखी माफी घेऊन गेले, तिथले कारकून भले गृहस्थ होते. चष्म्यावरून पाहून म्हणाले, "मॅडम, तक्रार मागे घेता येते. पोरं समोर नसतील तर आम्ही ती लिहायची कुठून?"

मग फोन. अकरा पोरांच्या घरचे नंबर बाईंच्या वहीत होते, तेही पेन्सिलीत, कारण नंबर बदलतात. चार बंद. एकाने पोरीचं नाव सांगितल्यावर मुळी ओळखच दाखवली नाही. एक बाई फोनवरच रडली, सासू आजारी, येता येत नाही. एक जण म्हणाला, "वापसा आला की पेरतो आन् निघतो, ताई. जमीन काय तुमच्या साहेबाला इचारून वली व्हते व्हय?" एका घराने शब्द दिला, दोघं भावंडं शुक्रवारी पोचतील. सोळा आणि दोन अठरा. वीसला दोन कमी.

घरी मी जेवत नव्हते. बाबांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताटावरच विषय काढला. माझे बाबा शेतकरी होते, आता गोदामाचे जागामालक आहेत. माझ्या चळवळीकडे ते पोरीला जडलेल्या दुखण्यासारखं बघतात. औषध नाही, पण काळजी घ्यायची.

"दोन पोरा कमी परतान ना?"

"हो."

"मंग एवरा कला रडतंस गो? आपल्या चुलत्याची चार पोरा हायेत. शनवारी त्यांचे इंग्रजी शालेला सुट्टी. नेऊन बसव. कोन वलखतंय?"

आता इथे मी खरं लिहिणार आहे. मी 'नाही' म्हटलं नाही. 'हो' पण म्हटलं नाही. मी भाताचा घास घेतला. बाबांना तेवढं पुरे होतं. कागदावर भुतं बसवतात म्हणून दुसऱ्याच्या नावाने पाचशे पत्रकं काढणारी मी, स्वतःच्या घरातून चार भुतं निघताना पाहून जेवायला लागले.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातलाच सोळा पोरं तेल लावून, भांग पाडून हजर. आयांनीच पाठवली होती तशी. शुक्रवारी उतरलेली दोन भावंडं प्रवासाने पेंगत होती. गयाबाईने कधी नव्हे ती ड्युटी बुडवली होती. ती आणि आणखी तिघी-चौघी कुंपणाशी उभ्या. शीतल पहिल्या ओळीत, पाठ ताठ, पाण्याची गुलाबी बाटली मांडीवर. थोड्या वेळाने बाबांची गाडी आली आणि आमची चार मागच्या ओळीत जाऊन बसली. गुबगुबीत, पायांत चकचकीत बूट. आमच्या शाळेत बूट म्हणजे पाहुणाच. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फळ्याकडे पाहिलं.

साहेब आले. उंच, घामेजलेले, घाईत. यादीवरून नावं वाचली, पोरं उभी राहिली. निळ्या शाईची सोळा झाली. पेन्सिलीतली दोन उभी राहिली. बाकीच्या नऊ नावांवर शांतता. दर वेळी साहेब नाव दोनदा वाचत. बाहेर कुंपणाशी कोणीतरी देवाचं नाव पुटपुटत होतं.

"अठरा," साहेब म्हणाले. मग मागे पाहिलं. "आणि ही चार?"

मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, बाई, म्हणा. एकदाच म्हणा. नवीन प्रवेश, कागद यायचेत. एवढंच म्हणा.

तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात धाकटा मोठ्याने म्हणाला, "ताई, हिते एसी न्हाय?"

कोणी हसलं नाही. बाईंनी पदर सावरला.

"ती पाहुणी आहेत," त्या म्हणाल्या. "शाळा बघायला आलीत."

साहेबांनी पेन कागदावरून उचललं. वाईट माणूस नव्हता तो. बाईंना वाट देत होता, मला दिसत होतं. "नीट बघा, बाई. प्रवेश घ्यायला आलीत का?"

"नाही. माझ्या हजेरीत आजवर खोटं नाव लागलेलं नाही."

साहेबांनी अठरा लिहिले आणि त्याखाली बाईंची सही घेतली.

सगळे गेल्यावर बाईंनी स्टोव्हवर चहा ठेवला. दोन कप. मी प्यायले. साखर जास्त होती.

जुलैच्या सुरुवातीला पोरं पलीकडच्या शाळेत गेली. ती शाळा चांगली आहे, हे कबूल करायला हवं. चार शिक्षक, फरशी, नळाला पाणी. प्रश्न शाळेचा नव्हताच. बाईंची बदली लांब झाली. जाताना त्यांनी उरलेल्या नऊ नावांची वेगळी यादी नव्या मुख्याध्यापकांना दिली आणि माझ्यासमोर सांगितलं, "ही येतील. पोळ्यापर्यंत थांबा." मुख्याध्यापक म्हणाले, आता सगळं ऑनलाइन आहे, थांबायची सोय नाही. तीन पोरं वेळेत आली, सहा नावं टोपलीत पडली. त्यांतली दोन मी काढली. बाकीच्यांसाठी अजून फिरते आहे.

रस्त्यासाठी मी पत्रक काढलं, निवेदनं दिली. गतिरोधक हवा, पोलीस हवा. उत्तर आलं, विषय दुसऱ्या खात्याचा आहे. पहिले काही दिवस आया पाळीपाळीने पोरं नेत होत्या. मग पाळी चुकायला लागली, कारण गोदामात उशीर झाला की पूर्ण दिवस जातो. पोरं आपली आपण जायला लागली. जवळचा रस्ता म्हणजे उभ्या ट्रकांच्या फटींतून.

एक दिवस संध्याकाळी गयाबाई आमच्या दारात आली. तिने ओट्यावर एक वस्तू ठेवली. गुलाबी प्लास्टिक, पापडासारखं चपटं. मला ओळखायला वेळ लागला. शीतलची पाण्याची बाटली.

"दोन गाड्यांच्या मदून निगाली व्हती," गयाबाई म्हणाली. "मागची सुरू झाली. बाटली पडली, ती उचलाया वाकली न्हाई, तेवडंच. वाकली असती तर..." आणि ती तशीच वळून गेली. बाटली ओट्यावरच. बाबा आतून बाहेर आले, ती उचलून बघितली. बराच वेळ हातात घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला आमच्या गोदामांची फाटकं अर्धा तास बंद राहायला लागली. कोणाचे फोन आले, काय बोलले, मला सांगितलं नाही. पण रस्त्यावर दुसऱ्यांचीही गोदामं आहेत.

शीतल शाळेत दिसेना. एक दिवस, दोन, आठवडा. मला टोपली दिसायला लागली. मी तिच्या खोलीवर गेले. सकाळचे दहा, चाळीत सामसूम, सगळे कामावर. दाराला बाहेरून कडी. कडीत कुलूप.

मी परत फिरणार होते. तेवढ्यात आतून आवाज आला. कोणीतरी बेचा पाढा म्हणत होतं.

"शीतल?"

पाढा थांबला. दाराच्या फटीशी हालचाल झाली. "आई डूटीला गेली," फटीतून उत्तर आलं. "दुपारी डबा घिऊन येनार. मला भ्या न्हाई वाटत." आणि मग जरा वेळाने, "ताई, जाऊ नका ना."

मी बसले. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती. खोलीत गॅस आहे, विजेची उघडी वायर आहे, हे मला ठाऊक होतं. ती पाढे म्हणायची, चुकली की मी सांगायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गयाबाई धावत आली, डबा घेऊन, कुलूप उघडायला. मला बघून तिचा चेहरा दगड झाला.

"फोटो काडला का? आता हे बी छापनार का, कडी लावली म्हनून?"

"नाही."

"मंग काय करू मी? सांगा ना. रस्त्यावर सोडू का कोंडू? दोन्नी वाईट हाय हे मला कळत न्हाई व्हय?"

"मी नेईन तिला," मी म्हटलं. "नेईन आणि आणीन. रोज."

"किती दिस? तुमचा मोर्चा आला की?"

"चौथी होईपर्यंत."

तिने डबा शीतलच्या हातात दिला, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "चला. आदी मला रस्ता वलांडून दाकवा."

मला वाटलं गंमत करते. ती पुढे चालायला लागली होती. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. मी सहा वर्षं या तालुक्यात साहेबांना प्रश्न विचारले. त्या दुपारी माझी परीक्षा होती. मी पाऊल टाकलं. निम्म्यात पोचले आणि समोरून कंटेनर, पाठीमागून टेम्पो, मी मध्ये. पाय जागेवरच गोठले. लहानपणापासूनचा रस्ता, पण माझ्या आयुष्यात तो मी कायम गाडीच्या आतून पाहिलेला.

"हात!" गयाबाई किंचाळली. "हात वर करा ताई! डायवरच्या डोळ्याकडं बगा, चाकाकडं न्हाई!"

मी हात वर केला. काचेमागे एक दमलेला चेहरा होता. त्याने मला पाहिलं. कंटेनर फुसफुसत थांबला. मी पलीकडे पोचले आणि तशीच परत आले.

"उद्या साडेनवाला," गयाबाई म्हणाली. तिची ड्युटी सातची. पण मुकादमाशी भांडून ती शीतलला सोबत नेते आणि रोज साडेनऊला तिला घेऊन दहा मिनिटं गोदामाच्या फाटकाबाहेर येते.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. या जूनमध्ये शीतल तिसरीत गेली. आता आम्ही सात जणं ओलांडतो, सहा पोरं आणि मी. माझ्या पिशवीत लाल ओढणी असते, ती हातात धरून वर करते. पत्रकं अजून लिहिते, पण छापण्याआधी ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याकडे जाऊन बसते. चहा पिते. काही पत्रकं त्यामुळे मरतात. संघटनेतले म्हणतात, अश्विनी मवाळ झाली. म्हणोत.

भीती गेलेली नाही. रस्त्यावर पाऊल टाकताना ती रोज असते. मी चाकाकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघते, आणि मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पलीकडे पोचल्यावर पुन्हा मोजते.

आणि रोज सकाळी साडेनऊला फाटकाबाहेर गयाबाई शीतलचा हात माझ्या हातात देते. देताना एक क्षण ती तो सोडत नाही. मी धरलेला असतो, तिनेही धरलेला असतो. ती माझ्याकडे बघते. मग सोडते.